ऑफिसची वर्षअखेरची थीम पार्टी: तारीख ठरवण्यापासून आवराआवरीपर्यंत

हॉलभर फुगे, भिंतीवर चमचमती अक्षरं, कानठळ्या बसवणारी गाणी. अकाउंट्सची माणसं अकाउंट्सवाल्यांच्या घोळक्यात, सेल्सची सेल्सच्या, आणि महिन्यापूर्वी लागलेला मुलगा भिंतीला टेकून मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. रोज जेवायच्या सुट्टीत जे चालतं तेच इथे रंगीत दिव्यांखाली चाललेलं असतं, फक्त खर्च जास्त. अशा पार्ट्या मी पाहुणा म्हणून बघितल्यात आणि संयोजक म्हणून घडवल्यातही. त्यामुळे पुढचं बरंचसं स्वतःच्या चुकांमधून आलेलं आहे.

थीमकडून एकच अपेक्षा ठेवायची: ज्या दोघांची ओळख नाही, त्यांना बोलायला निमित्त मिळावं. सजावट, पोशाख, गाणी ही त्या निमित्ताची चाकरी करतात. ही अपेक्षा डोक्यात ठेवली की पुढचे बरेच वाद आपोआप मिटतात.

तारीख आधी, थीम मागाहून

हातात सहा आठवडे असावेत, चारच्या खाली जाऊ नये. पहिल्या बैठकीत समित्या थीमवर तासभर भांडतात आणि तारखेचं ‘बघू’ म्हणून उठतात. उलटं करा. वर्षअखेरीला हॉल, जेवण पुरवणारे आणि साउंडवाले सगळ्यांनाच हवे असतात. थीम एका रात्रीत बदलता येते, हॉल नाही.

सुट्टीच्या आधीचा शेवटचा कामाचा दिवस टाळा. त्या दिवशी निम्मे लोक बॅगा भरून आलेले असतात आणि निम्मे हातातलं काम उरकत असतात. अकाउंट्सचं क्लोजिंग, सपोर्टच्या शिफ्ट, एखाद्या टीमची डेडलाइन या तीन गोष्टी विचारल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. वेळ शक्यतो कामाच्या तासांत शिरणारी घ्या, म्हणजे दुपारी साडेचार ते संध्याकाळी साडेसात अशी काहीतरी. रात्री आठला सुरू होणारी पार्टी म्हणजे घरी लहान मूल असलेला, आजारी आईवडील असलेला, शेवटची बस गाठणारा माणूस आपोआप वजा.

बोलवायचं कोणाला, हेही याच बैठकीत ठरवून टाका. कंत्राटी कर्मचारी, सुरक्षारक्षक, साफसफाईची मंडळी, कँटीनची माणसं. ज्यांच्याकडून खुर्च्या लावून घेणार, त्यांना नंतर दाराबाहेर उभं ठेवणं फार वाईट दिसतं. त्यांची ड्यूटी असेल तर पाळी लावून प्रत्येकाला तासभर मोकळं करता येतं. ऐनवेळी माणसं वाढवायची म्हटलं की बजेट आडवं येतं, म्हणून हे पहिल्याच दिवशी.

समिती चार-पाच जणांचीच ठेवा. जागा, जेवण, कार्यक्रम, निमंत्रणं आणि पैसे अशी कामं वाटून द्या आणि वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे आधीच ठरवा. एक माणूस मात्र असा घ्या जो एरवी पार्टीला यायचं टाळतो. त्याला काय खटकतं ते तो बरोबर सांगतो. आमच्या समितीतल्या अशाच एकाने ‘स्टेजवर बोलावणार असाल तर मी त्या दिवशी रजा टाकतो’ असं सांगून अर्धा कार्यक्रम बदलायला लावला होता. त्या अर्ध्यामुळेच पार्टी बरी झाली.

पैशाचं माझं ढोबळ गणित असं: निम्मे खाण्यापिण्यावर, चौथा हिस्सा जागा, साउंड आणि दिव्यांवर, १५ टक्के सजावट आणि कार्यक्रमावर, उरलेले १० टक्के हात न लावता बाजूला. पार्टी ऑफिसमध्येच असेल तर जागेचा हिस्सा सरळ जेवणाकडे वळवा. कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च लेखी विचारून घ्या: कर, सामानाची ने-आण, साफसफाई, ठरलेल्या वेळेपेक्षा तासभर जास्त लागला तर त्याचा दर. राखून ठेवलेले दहा टक्के बहुतेक वेळा या शेवटच्या ओळीवरच उडतात.

थीम निवडताना

सुचलेली प्रत्येक थीम चार प्रश्नांतून काढा. घरात असलेल्या एखाद्या वस्तूनिशी तिच्यात भाग घेता येतो का? एका वाक्यात सांगता येते का? तिच्यात कुणाचा समाज, प्रांत, धंदा किंवा शरीर थट्टेचा विषय होतं का? आणि एखाद्या धर्माच्या माणसाला ती परकी वाटेल का? वर्षअखेरीच्या दिवसांत कुणाचा सण असतो, कुणाचा नसतो. ऑफिसची पार्टी सणाच्या नावाने न करता वर्षअखेरीच्या नावाने केली तर कुणालाच अवघडायला होत नाही.

या चाळणीतून गेल्यावर नेहमीच्या थीमचं काय उरतं? रंगाची थीम, म्हणजे सगळ्यांनी अमुक रंगाचे कपडे, सोपी आहे. फोटो छान येतात, पण दहा मिनिटांत विषय संपतो. कॅसिनोला भाड्याची टेबलं लागतात आणि खोट्या नोटांचा का होईना, जुगार काहींना रुचत नाही; मी त्या वाटेला जात नाही. खुनाचा शोध लावायचा खेळ पंचवीस-तीस जणांत रंगतो. माणसं त्याहून जास्त झाली की मेलं कोण, हेच निम्म्यांना कळत नाही. अंतराळ दिसायला झकास, पण सगळा खर्च छताला टांगला जातो. दशकाची थीम चांगली चालते, फक्त नुसतं ‘ऐंशीचं दशक’ म्हणून सोडू नका, कारण निम्म्या ऑफिसचा तेव्हा जन्म झालेला नसतो. हाताळायला वस्तू द्या. रुबिकचा ठोकळा जगभर विक्रीला आला १९८० मध्ये, पॅक-मॅन हा व्हिडिओ गेम त्याच वर्षीचा, टेट्रिस १९८४ चा. एका टेबलावर चार ठोकळे ठेवले की तिथे अनोळखी माणसंही थांबतात.

माझी सगळ्यात लाडकी थीम आहे ‘जुनं ऑफिस’. खर्च जवळजवळ नाही, कारण सामान कपाटांच्या तळाशी पडलेलंच असतं: पंचिंग मशीन, शाईचा पॅड, फ्लॉपी, कार्बन पेपर, चकती फिरवायचा फोन. पोशाखाला खिशात अडकवलेलं पेन किंवा जुन्या फ्रेमचा चष्मा पुरतो. सगळ्यात मोठा फायदा असा की निवृत्तीला आलेला माणूस इथे जाणकार ठरतो आणि नवीन लागलेली मुलगी त्याला प्रश्न विचारते. एरवी हे दोघं लिफ्टमध्येसुद्धा बोलत नाहीत.

या थीमला गोष्टीही भरपूर आहेत. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला. नील पॅपवर्थ या २२ वर्षांच्या इंजिनिअरने तो संगणकावरून धाडला आणि तो मिळाला व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांना, जे तेव्हा ऑफिसच्या नाताळच्या पार्टीत होते. मजकूर एवढाच: ‘मेरी ख्रिसमस’. जार्विस यांच्या फोनवरून मेसेज पाठवायची सोयच नव्हती, त्यामुळे उत्तर काही गेलं नाही. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो बहुधा तिच्यात बसणार नाही. चुकलेली अक्षरं झाकायचं व्हाइटनर १९५० च्या दशकात बेट नेस्मिथ ग्रॅहम या सेक्रेटरीने स्वतःच्या स्वयंपाकघरात तयार केलं. चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठीचा गोंद १९६८ चा, पण त्या गोंदाचं करायचं काय हे ठरून चिठ्ठ्या मोठ्या प्रमाणावर बाजारात यायला १९८० उजाडलं. यातली प्रत्येक गोष्ट एकेका कागदावर मोठ्या अक्षरांत छापून त्या वस्तूशेजारी लावा. तीच सजावट. माणसं वाचायला थांबतात आणि शेजारी कोण उभं आहे ते बघतात.

निमंत्रण

चार आठवडे आधी पाठवा आणि मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावेल एवढंच लिहा. साधारण असं:

‘वर्षअखेरची पार्टी: जुनं ऑफिस. गुरुवारी दुपारी ४.३० ते संध्याकाळी ७.३०, तिसऱ्या मजल्यावरचा हॉल. ऑफिसातली एक जुनी वस्तू आणा किंवा अंगावर मिरवा; नसेल तर तसेच या, दारात मिळेल. खाण्यातलं काय चालत नाही ते कळवा. स्टेजवर कुणालाही ओढणार नाही. येणार की नाही, ते १० तारखेपर्यंत सांगा.’

‘स्टेजवर ओढणार नाही’ हे वाक्य गमतीचं वाटेल, पण त्याने काठावरचे बरेच जण होकार देतात. संपायची वेळ लिहिलीच पाहिजे. सोबत कुटुंबाला आणायचं की नाही हेही स्पष्ट करा, नाहीतर एक जण दोन मुलांना घेऊन येतो आणि बाकीचे हळहळतात. आठवण एकदाच करा, शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी. उत्तर न देणाऱ्यांना पुन्हा मेल पाठवण्यात अर्थ नसतो. समितीतल्या कुणीतरी त्यांच्या टेबलापाशी जाऊन विचारावं.

दारातली पहिली वीस मिनिटं

संध्याकाळचा रंग इथेच ठरतो, म्हणून सगळ्यात जास्त डोकं इथे लावा. माणूस दारातून आत आला की पहिल्या अर्ध्या मिनिटात ओळखीचा चेहरा शोधतो आणि तिकडे वळतो. तो वळायच्या आत त्याच्या हातात काहीतरी काम पडलं पाहिजे.

‘जुनं ऑफिस’ केलं तेव्हा आम्ही दाराशी टेबल टाकून त्यावर लांबलचक आवक रजिस्टर उघडून ठेवलं होतं. रकाने असे: अनुक्रमांक, नाव, विभाग, सोबत काय आणलं. रजिस्टरमध्ये सही केली की टेबलामागचा माणूस तारखेचा शिक्का मारून एक कार्ड हातात द्यायचा. कार्डावर एकच शब्द. कुणाला ‘टाइपरायटर’, कुणाला ‘रिबन’. ‘शिक्का’ आणि ‘स्टॅम्प पॅड’, ‘दौत’ आणि ‘टाक’, ‘स्टेपलर’ आणि ‘पिन’, ‘पंचिंग मशीन’ आणि ‘फाइल’. आपला जोडीदार शोधायचा, दोघांनी मिळून पेयांच्या काउंटरवर जायचं आणि पहिला ग्लास घ्यायचा. एवढाच खेळ.

खरी गोम कार्ड वाटण्यात आहे. पत्ते पिसल्यासारखी वाटली तर अकाउंट्सच्या ‘दौत’ला अकाउंट्सचाच ‘टाक’ मिळतो. म्हणून कार्डांचे दोन गठ्ठे करा. जोडीतला पहिला शब्द डाव्या गठ्ठ्यात, दुसरा उजव्या. विभागांचे साधारण सारख्या माणसांचे दोन भाग पाडा आणि एका भागाला डावा, दुसऱ्याला उजवा गठ्ठा द्या. साठ माणसांना तीस जोड्या लागतात. तेवढे शब्द सुचत नसतील तर दहा जोड्या तीन रंगांच्या कार्डांवर छापा. आकडा विषम झाला किंवा कोणी उशिरा आलं, तर समितीतला माणूस जोडीदार व्हायला तयार हवा. आणि एखाद्याने ‘नको हो’ म्हटलं तर हसून कार्ड नुसतंच द्यायचं, ग्लासही द्यायचा.

दाराशी दोघं असावेत, नावं माहीत असलेले. सगळ्यात गमत्या माणसाला तिथे बसवू नका. तो येणाऱ्यांवर विनोद करतो आणि बुजरी माणसं दारातच मिटतात.

जागा, आवाज, वीज

उभ्याने खाण्यापिण्याची पार्टी असेल तर माणशी साधारण एक चौरस मीटर मोकळी जागा धरा, टेबल-खुर्च्या मांडणार असाल तर दीड. उभ्या पार्टीतही निम्म्या माणसांना पुरतील एवढ्या खुर्च्या हव्यातच, कारण गरोदर बाई किंवा गुडघे दुखणारा माणूस खुर्ची मागत नाही, निघून जातो. चाकाच्या खुर्चीला दार निदान ८० सेंटिमीटर रुंद लागतं, आणि वाटेत एकच पायरी असली तरी ती अडते. खाण्याची काउंटर दोन ठेवा, समोरासमोरच्या भिंतींना. एकाच काउंटरची रांग अर्धा तास खाते. पेयं खाण्यापासून दूर.

गाण्यांचा आवाज हा माझा जुना राग आहे. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. ८५ डेसिबलला हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागतं, आणि कारखान्यांत कानांना जपायचे नियमही सहसा त्याच पातळीवर लागू होतात. मोबाइलवरचं मीटर अंदाजाला पुरतं. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे हातभर अंतरावर उभं राहून नेहमीच्या आवाजात एक वाक्य बोला; समोरच्याने ‘काय?’ म्हटलं तर आवाज कमी करा. स्पीकर खाण्याच्या रांगेकडे तोंड करून ठेवू नका. ज्यांना नाचायचं असतं त्यांच्यासाठी शेवटचा अर्धा तास आहे, तेव्हा वाढवा.

इमारतीच्या व्यवस्थापनाला आठवडाभर आधी लेखी कळवा. एके वर्षी आम्ही सगळं केलं आणि हे विसरलो. सात वाजता मध्यवर्ती एसी आपोआप बंद झाला. ऐंशी माणसं, बंद काचांच्या खिडक्या, आणि साडेसातला अख्खी पार्टी प्रश्नमंजूषेच्या कागदांनी वारा घेत होती. एसी, लिफ्ट, सजावटीच्या सामानाचा गेटपास आणि रात्री कुलूप कोण लावणार, या चारही गोष्टी त्याच पत्रात विचारून टाका.

स्प्रिंकलर, धुराचे सेन्सर आणि बाहेर जायच्या दिशादर्शक पाट्या यांवर काहीही टांगू नका, झाकू नका. धूर सोडणाऱ्या मशीनने अलार्म वाजतो आणि पाहुण्यांची वरात जिन्याने खाली उतरते. मेणबत्त्या नकोत, सेलवर चालणारे दिवे घ्या. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा खोचायचा नाही; पाणी गरम ठेवणारी किटली आणि साउंड वेगवेगळ्या प्लगवर. हेलियमचा साधा रबरी फुगा बारा ते वीस तासच तरंगतो, तेव्हा आदल्या दिवशी भरून ठेवलेले फुगे पार्टीला लोळत येतात. खरं तर हवेने भरलेले फुगे दोरीला बांधलेले बरे.

खाणं आणि पिणं

इथे फार पाल्हाळ नको. ‘शाकाहारी की मांसाहारी’ एवढंच विचारू नका, ‘काय चालत नाही’ असं विचारा. ॲलर्जी, उपास, पथ्य सगळं त्यात येतं. प्रत्येक पदार्थापुढे नाव आणि त्यात शेंगदाणे, दूध, अंडं, गहू यांपैकी काय आहे, याची चिठ्ठी लावा. गरम पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली. तशी सोय नसेल तर मांडलेलं अन्न दोन तासांत उचला, आणि हवा ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर एका तासात. पेयांचा अंदाज पहिल्या तासाला माणशी दोन ग्लास आणि नंतर तासाला एक असा धरतात. बर्फ माणशी अर्धा किलो.

दारू ठेवायची की नाही हा प्रत्येक ऑफिसचा प्रश्न. ठेवलीत तर खाणं आधी सुरू करा, पार्टी संपायच्या तासभर आधी दारूचं काउंटर बंद करा आणि घरी जायच्या गाड्यांची सोय ऑफिसने करा. दारू जिरवायला शरीर साधारण तासाला एक पेग एवढाच वेग राखतं. कडक कॉफीने तो वाढत नाही. न पिणाऱ्यांचे ग्लासही तेवढेच देखणे असावेत, म्हणजे कोण काय पितंय हा विषयच निघत नाही.

कार्यक्रम

साडेचार ते पाच आवक रजिस्टर आणि पहिला ग्लास. पाचला साहेबांचं भाषण, पाच मिनिटं. भाषण जेवणाच्या आधीच उरका. त्यानंतर खाणं, सहाला प्रश्नमंजूषा, साडेसहाला गाणी. बाकी वेळ मोकळा सोडा. तीन तासांत तीनच ठरलेल्या गोष्टी पुरतात.

प्रश्नमंजूषेला पाच-पाच जणांच्या टोळ्या करा. जोड्या आधीच जुळलेल्या आहेत, दोन जोड्या आणि एक सुटा अशी टोळी बांधली की झालं. बारा प्रश्न, पंचवीस मिनिटं, उत्तरं कागदावर. ईमेलमधलं ‘सीसी’ म्हणजे काय? कार्बन कॉपी, तिशीच्या आतल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. इंग्रजी ‘टाइपरायटर’ हा शब्द टाइप करायला कीबोर्डवरच्या अक्षरांच्या किती ओळी लागतात? एकच, सगळ्यात वरची. हा प्रश्न पडला की प्रत्येक टोळीतली बोटं हवेत नाचायला लागतात, बघण्यासारखं असतं.

गमतीच्या बक्षिसांबद्दल मात्र सावध राहा. पूर्वी एका ठिकाणी ‘सर्वाधिक सुट्ट्यांचा मानकरी’ असा पुरस्कार ठेवला होता. हजेरीच्या यादीवरून नाव काढलं, कुणी फार विचार केला नाही. जिचं नाव पुकारलं तिची आई त्या वर्षी चार महिने अंथरुणावर होती. ती पुढे आली, कप घेतला, हसलीही. पुढच्या वर्षी ती पार्टीला आली नाही. बक्षीस द्यायचंच तर वस्तूला द्या: सगळ्यात जुनं पेन, सगळ्यात जड कॅल्क्युलेटर.

फोटो काढायचेत, पण ते बाहेर टाकण्याआधी विचारा. कार्डावर लाल ठिपका लावलेला माणूस फोटोत नको, एवढी खूण फोटोग्राफरला पुरते.

दूर बसून काम करणाऱ्यांसाठी हॉलच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून ठेवणं हा शिष्टाचाराचा देखावा आहे. त्यांना दिसतात छत आणि पाठी. त्यांची अर्ध्या तासाची वेगळी बैठक घ्या, तेच बारा प्रश्न, आणि एक छोटं पार्सल आठवडाभर आधी घरी पोचतं करा.

शेवटचा आठवडा आणि तो दिवस

सात दिवस आधी जेवणवाल्यांना पक्का आकडा द्या. होकार दिलेल्यांतले काही ऐनवेळी गळतातच, तेव्हा आकडा फुगवून सांगू नका. दोन दिवस आधी ज्या वेळी पार्टी आहे त्याच वेळी हॉलमध्ये जाऊन उभे राहा. उजेड, ऊन, शेजारच्या मजल्याचा गोंगाट तेव्हाच कळतो. भिंतीच्या एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावून ओढून बघा, रंग निघतो का. सगळ्यांचे फोन नंबर एका कागदावर लिहून खिशात, कारण मोबाइलची बॅटरी त्याच दिवशी दगा देते. समितीतल्या प्रत्येकाने पार्टी सुरू होण्याआधी काहीतरी खाऊन घ्यावं.

साडेसातला दिवे पूर्ण लावा आणि गाणी बंद करा. ‘आता निघा’ असं कुणाला सांगावं लागत नाही. उरलेलं चांगलं अन्न वेळेच्या हिशोबात बसत असेल तरच वाटा. आवराआवरीची पाळी आधीच लावलेली असावी आणि त्यात साहेबांचंही नाव असावं. दुसऱ्या दिवशी जे हाती आलं ते एका पानावर उतरवा: किती आले, काय उरलं, काय कमी पडलं, कोणाचा नंबर पुन्हा लावायचा आणि कोणाचा नाही.

आणि निघताना दाराशी दुसरं रजिस्टर, जावक. रकाने तीनच: नाव, निघायची वेळ, आज नव्याने ओळख झालेल्या एका माणसाचं नाव. घरी जायच्या गाडीत कोण बसलं आणि कोण राहिलं हे पहिल्या दोन रकान्यांवरून कळतं. तिसरा सकाळी चहाबरोबर वाचायचा. आमच्या रजिस्टरमध्ये एका सुरक्षारक्षकाचं नाव सात जणांनी लिहिलं होतं. चार वर्षं रोज त्याच्यासमोरून जात होतो सगळे.